कॅसिओसारखं वाजतंय म्हणजे नेमकं काय होतंय?

प्रश्न कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका पोराचा आहे. थोडक्यात असा: मंडळासाठी गाणं केलंय, चाल बरी जमलीय. लॅपटॉपवर ड्रम मशीनचं प्लगइन (गाण्याच्या सॉफ्टवेअरला जोडायचा प्रोग्रॅम) आहे, त्यात सोळा घरांचा (ठोके भरायच्या चौकोनांचा) पॅटर्न आणि वर नेटवरून उतरवलेला हलगीचा आवाज. पण ऐकवलं की मित्र म्हणतात, 'कॅसिओसारखं वाजतंय.' कुणीतरी सुचवलंय की दहा हजारांचं चांगलं प्लगइन घे, आपोआप सुधारेल. घेऊ का?

घेऊ नकोस भावा. निदान यंदाचा गणपती होईपर्यंत तरी नको. तुझी अर्ध्या मिनिटाची क्लिप मी चार वेळा ऐकली, एकदा हेडफोनवर आणि तीनदा साध्या स्पीकरवर. पॅटर्नचा फोटोही पाहिला, आणि उत्तर त्या फोटोतच आहे. हॅटची (ड्रम सेटमधल्या झांजेची) सोळाच्या सोळा घरं भरलेली. खालच्या व्हेलॉसिटीच्या (ठोक्याच्या जोराच्या) दांड्या बघ, सगळ्या १०० वर, कंपाउंडच्या गजासारख्या एका उंचीत. किक (जाड ड्रमचा ठोका) १, ५, ९ आणि १३ वर. हलगीचा एकच ठोका उचलून बारा ठिकाणी चिकटवलाय. ह्यात दहा हजार घातलेस तर दहा हजारांचा कॅसिओ होईल.

त्या बिचाऱ्या कीबोर्डचा ह्यात काही दोष नाही बरं का. ऑर्केस्ट्रात ढोलकीवाला आला नाही की रिदमचं बटण दाबून कार्यक्रम पुढं रेटायचा, त्यातून ही शिवी पडली. गायकानं ओळ लांबवली तरी ठेका तसाच, पब्लिकनं टाळी धरली तरी तसाच. लोकांना खटकतं ते हेच, की वाजवणारा ऐकत नाही. प्लगइनही ऐकत नाही. त्याच्या वतीनं ऐकायचं काम तुझं आहे, आणि ते काम माउसनं करता येतं.

आधी किक बघू. तुझं गाणं केरवा तालातलं, १०० बीपीएम (मिनिटाला शंभर बीट). लॅपटॉप बाजूला ठेव आणि केरवा तोंडानं म्हण: धा गे ना ती, न क धि ना. आठ मात्रा आणि सोळा घरं, म्हणजे मात्रेला दोन घरं. धा पहिल्यात, गे तिसऱ्यात, ना पाचव्यात, ती सातव्यात. मग न नवव्यात, क अकराव्यात, धि तेराव्यात, ना पंधराव्यात. आता ह्यात डग्ग्याचा घुमारा कुठं कुठं आहे? १, ३ आणि १३, बस्स. नवव्या घरात 'खाली' (तालातली रिकामी जागा) आहे, तिथं डग्गा गप्प असतो. अकराव्यातला 'क' डग्ग्यावरच पडतो, पण पंजा दाबून, घुमत नाही. तेराव्यावर 'धि' आला की डग्गा परत उघडतो आणि ऐकणाऱ्याला पुढच्या समेची (तालाच्या फेऱ्यातल्या पहिल्या ठोक्याची) ओढ लागते. तू नवव्या घरात धाडकन किक ठेवलीस आणि ती ओढच संपली.

चार-चार घरांवर सारखी किक हे क्लबातल्या नाचाचं गणित आहे आणि तिकडं ते बरोबरच आहे. प्लगइनमधले बरेच तयार पॅटर्न त्याच वळणाचे असतात, म्हणून हात आपोआप तिकडं जातो. आपली पोरं मंडळापुढं नाचतात ती मात्र खालीला खांदा सोडतात आणि समेवर उसळतात. खालीच नसली तर उसळायचं कुठून?

तेव्हा असं कर. ५ आणि ९ वरची किक काढून टाक. १ वर ११५ ठेव. ३ वर नवी, हलकी, ७० च्या आसपास. १३ वर ९५. आणि ११ वर त्याच किकची दुसरी प्रत घे, तिचा डिके (आवाज विरायचा वेळ) इतका आखूड कर की नुसता 'ठप्' राहील, व्हेलॉसिटी ६०. दुसरं काहीही न बदलता प्ले दाब. माझ्या अनुभवात निम्मं दुखणं इथंच बरं होतं.

जाता जाता एक. पुढं कधी दादऱ्यातलं काही करशील तर सोळा घरांत कोंबू नकोस. सहा मात्रा म्हणजे बारा घरं. पॅटर्नची लांबी १२ करायची सोय जवळपास प्रत्येक ड्रम मशीनमध्ये असते, फक्त ती कोपऱ्यात असते. सोळात दादरा बसवायला रात्र घालवून शेवटी 'प्लगइनला आपला ताल जमत नाही' म्हणणारी मंडळी मी पाहिली आहेत.

आता हलगी. तेराव्या घरात तू हलगीचे दोन ठोके, स्नेअर, हॅट आणि टाळ असं सगळं एकदम ठेवलंयस. हे वाजवणार कोण, अष्टभुजा? ताल लिहिताना हात मोजायचे. आपल्याकडच्या हलगीच्या ताफ्यात तीन वाद्यं असतात, हलगी, घुमकं आणि कैताळ. तीन माणसं, प्रत्येकाला दोनच हात. तू त्यांचे तीन वेगळे ट्रॅक कर. घुमकं म्हणजे तुझी किक. कैताळ म्हणजे तुझी हॅट, पण कैताळवाला दर घराला झांज आपटत नाही, दमेल बिचारा. म्हणून सोळा घरांतली निदान दहा रिकामी कर.

हलगीवाल्याचे हात नीट बघितलेस का कधी? खांद्याला अडकवलेली हलगी, एक पंजा वरच्या कडेवर टेकलेला आणि त्याच पंजात बारीक लांब छडी, ती कातड्यावर नुसती तडतडत असते. दुसऱ्या हातात जाड टिपरू, ठोका त्याचा. ठेका टिपरू चालवतं, मधल्या फटी छडी भरते. म्हणून प्लगइनमध्ये हलगीचे दोन पॅड घे, एक टिपऱ्याचं, एक छडीचं. टिपरू ९५ ते १२० मध्ये फिरू दे, छडी ३५ ते ६० मध्ये. मिडीत (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या भाषेत) व्हेलॉसिटी १ ते १२७ असते. तू इतकी मोठी पट्टी सोडून एकाच आकड्यावर बसलायस. छडीचे ठोके गाणं चालू असताना वेगळे ऐकू आले नाहीत तरी चालतील. म्यूट केल्यावर 'काहीतरी गेलं' असं वाटलं पाहिजे, तेवढीच त्यांची पातळी.

मग येतो झोल. १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ नावाचं मशीन काढलं, खऱ्या ड्रमचे आवाज चिपमध्ये साठवून वाजवणारं. ठोके आपोआप जागेवर बसवायची सोय त्यात होती, आणि ते फार ताठ वाटू नये म्हणून दर दुसऱ्या घरातला ठोका किंचित उशिरा पाडायचीही सोय होती. तुझ्या प्लगइनमधलं 'स्विंग'चं बटण त्याच वंशातलं. ते टक्क्यांत का लिहितात ते कळलं की भीती जाते. १०० बीपीएमला एक बीट ६०० मिलिसेकंदांचा, त्याची चार घरं, प्रत्येकी १५० ची. दोन घरांची जोडी ३०० ची. स्विंग ५० टक्के म्हणजे दुसरा ठोका बरोबर मध्ये, १५० वर. ५४ टक्के केलंस की तो १६२ वर जातो, १२ मिलिसेकंद उशिरा. ५८ ला १७४, म्हणजे २४ उशिरा. ६६ च्या आसपास तिश्राची (एका बीटचे तीन भाग करणारी) चाल येते. काही प्लगइनमध्ये हे मोजमाप शून्यापासून शंभरपर्यंत असतं, तिथं आकड्यापेक्षा कानावर विसंब. तुझ्या गाण्याला ५४ ते ५६ पुरे. आणि तेही फक्त छडी आणि कैताळाला. घुमकं सरळच राहू दे, नाहीतर सगळा ताफाच लडखडतोय असं वाटेल.

'ह्युमनाइज' नावाचं एक बटण असेल, ते मात्र जपून. ते ठोके मागं-पुढं सरकवतं, पण चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कुठलाही कुठंही. माणूस तसा चुकत नाही. एखादा ढोलकीवाला सम थोडी रेलून घेतो तर तो दर आवर्तनाला रेलूनच घेणार, ती त्याची सही असते. त्यामुळं मी बटणाऐवजी हातानं सरकवतो: तिहाईचे (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याचे) शेवटचे तीन ठोके ५-६ मिलिसेकंद लवकर, तिहाईनंतरची सम तेवढीच उशिरा. आणि शेवटच्या धृवपदाला टेम्पो १०० वरून हळूहळू १०३ पर्यंत चढवतो. कुस्तीच्या मैदानात हलगी ऐकलीयस ना? पैलवान हात धरून चाचपत असतात तोवर ती रेंगाळते, आणि कुणी पट काढायला वाकला की लगेच चढते. तो माणूस डोळ्यांनी वाजवत असतो. तुझ्या टाइमलाइनवर गाण्याचे शब्द आहेत, त्यांच्याकडं बघून तू चढव. गायक श्वास घेतो तिथं एक ठोका वगळलास तरी फरक पडतो.

आता त्या एकाच ठोक्याच्या बारा प्रती. कातड्यावर लागोपाठ मारलेले दोन ठोके कधी तंतोतंत एक नसतात. मशीननं तोच नमुना भराभर वाजवला की कान लगेच पकडतो, टाइपरायटर चालल्यासारखं होतं. चांगल्या प्लगइनमध्ये ह्यासाठी 'राउंड रॉबिन' असतं, एका ठोक्याचे चार-पाच वेगवेगळे नमुने आलटून पालटून. महागड्या प्लगइनचे पैसे बरेचसे त्याचेच असतात. पण त्यात मिळणार काय, तर झकास विलायती ड्रम सेट. ईझी ड्रमर घे, अॅडिक्टिव्ह ड्रम्स घे, किक-स्नेअरला तोड नाही. पण तुझ्या गाण्याची हलगी त्यात कुठून असणार?

ती कोल्हापुरातच मिळेल, आणि कुठं मिळेल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्या मंडळाला दरवर्षी जो हलगीवाला येतो त्याला एक दुपार बोलाव. बिदागी आधी ठरव आणि दे, 'रील्सला नाव टाकतो' असलं चालणार नाही. त्याचे ठोके तू पुढची दहा वर्षं वापरणार आहेस, हेही त्याला सांग. रिकाम्या हॉलमध्ये नको, आवाज भिंतीवर आदळून परत येतो. गाद्या, रजया असलेली खोली बघ. माइक तीन-चार फुटांवर, जवळ नको, हलगी फार तिखट असते. लेव्हल अशी ठेव की सगळ्यात जोराचा ठोकाही उणे १० डेसिबलच्या वर जाणार नाही. मग टिपऱ्याचे हलके, मध्यम, जोराचे प्रत्येकी पाच ठोके. छडीचे तसेच. दाबून बंद केलेले पाच, कडेवरचे पाच. दोन ठोक्यांमध्ये आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायला सांग. हे त्याला सगळ्यात जड जातं, त्याचा हात थांबत नाही.

आणि शेकायची सोय कर. हलगी विस्तवावर शेकली की कातडं ताणतं आणि आवाज चढतो, गार पडत गेली की उतरतो. पहिल्या वेळी मी हे विसरलो. टिपऱ्याचे ठोके तापलेल्या हलगीवर घेतले, चहा झाला, मग छडीचे घेतले. घरी येऊन प्लगइनमध्ये भरले तर दोन हात दोन वेगवेगळ्या हलग्यांवर पडत होते. पॅडचा ट्यून वर-खाली करून जुळवलं कसंबसं, पण नाद गेला तो गेलाच. दर दहा मिनिटांनी शेकू दे त्याला.

ह्यातले निवडक ठोके भरायला सितालासारखं सोळा पॅडचं साधं प्लगइन पुरतं. एक सेटिंग मात्र नक्की कर: बंद ठोका आणि उघडा ठोका एकाच चोक ग्रुपमध्ये टाक. म्हणजे बंद पडला की आधीच्या उघड्याचा घुमारा तिथंच तुटेल, हातानं दाबल्यासारखा. ती सोय मुळात उघड्या आणि बंद हॅटसाठी केलेली, पण हलगीला आणि ढोलकीला जास्त शोभते.

ढोलकीवरून आठवलं. तुझ्या कडव्यात ढोलकीचा घिस्सा (कातड्यावर हात घासून ओढलेला सूर) हवा आहे आणि नमुन्यातून तो येत नाहीये, असं तू लिहिलंयस. ८०८ ची किक घे. रोलँडचं टीआर-८०८ १९८० ते ८३ एवढंच बनलं, साधारण बारा हजार नग. त्यात ध्वनिमुद्रित काही नव्हतंच, सगळा आवाज सर्किटमधून तयार व्हायचा. लोक म्हणाले, हा काय ड्रम आहे? म्हणून मशीनं जुन्या बाजारात स्वस्तात गेली, गरीब पोरांच्या हातात पडली, आणि पुढं हिपहॉपचा पायाच त्या आवाजावर उभा राहिला. आपल्या कामाचं एवढंच की ती किक म्हणजे लांब विरत जाणारा जवळजवळ शुद्ध सूर आहे, आणि सूर म्हटला की मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढता येते. डिके लांब कर, पिच बेंडनं दोन-तीन सूर खालून वर ओढ, साधारण दीड मात्रेत. हुबेहूब ढोलकी होणार नाही. पण ढोलकीच्या खऱ्या नमुन्याखाली हळू ठेवलंस तर मनगट फिरल्याचा भास येतो. मी कितीदा केलंय, आणि ढोलकीवाल्यांनीसुद्धा ओळखलेलं नाही. (एकानं ओळखलं. तो हसला.)

सूर आहे म्हणून पट्टीही सांभाळ. तू काळी एकमध्ये गातोयस. तिचा सा खालच्या बाजूला ६९ हर्ट्झच्या जवळ येतो, आणि त्याखालचा पंचम ५२ ला. घुमक्याची किक ह्या दोनपैकी एकावर लाव. आत्ता ती मध्येच कुठंतरी आहे, त्यामुळं धृवपदात बास गिटार आली की सगळं गढूळ होतं. तू ते इक्यूनं (आवाजातला जाड-बारीक भाग कमी-जास्त करायच्या सोयीनं) साफ करायला गेलास आणि आवाज पातळ झाला. इक्यू काढून टाक, किकचा ट्यून फिरव.

माउसनं कंटाळलास तर मंडळाच्या ऑर्केस्ट्रात कुणाकडं ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) असेल, तो जोड. जुन्याला मागं पाच पिनांचा मिडी आउट असतो, नव्याला यूएसबी. पॅडवर मारलंस आणि भलताच आवाज आला तर घाबरू नकोस. पॅड फक्त नोटचा नंबर पाठवतो. मिडीच्या ठरलेल्या नकाशात ३६ ला किक, ३८ ला स्नेअर, ४२ ला बंद हॅट. प्लगइनमध्ये 'लर्न' दाबून हवा तो आवाज हव्या त्या पॅडला लावता येतो. हातानं वाजवलेलं आलं की वजनं आपोआप येतात, आणि मग सगळं १०० टक्के क्वांटाइज करून (ठोके ओढून घरांत बसवून) ती परत मारू नकोस. ५०-६० टक्के पुरे.

फक्त त्याआधी बफर बघ, म्हणजे लॅपटॉप आवाज किती साठवून मग सोडतो तो आकडा. ह्यात मी एका चांगल्या वादकावर अन्याय केलाय. रेकॉर्डिंगला बसलो, तो सारखा मागं पडत होता, मी चार टेकनंतर जरा लागट बोललो. तो गप्प बसला, हेडफोन काढून माझ्याकडं दिला आणि म्हणाला, 'साहेब, तुम्ही मारून बघा.' बफर १०२४ वर होता, आदल्या रात्री मिक्ससाठी वाढवलेला. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या सेटिंगला १०२४ म्हणजे २३ मिलिसेकंद, आणि त्याचा आवाज माइकमधून आत जाऊन हेडफोनमध्ये परत येईतो ते पन्नासाच्या घरात. माणूस मारतोय आत्ता आणि ऐकतोय नंतर. वाजवताना १२८ ठेव, तिथं एका बाजूचे जेमतेम ३ मिलिसेकंद होतात. लॅपटॉप कुरकुरला तर बाकीचे ट्रॅक ऑडिओ करून प्लगइन बंद कर. मिक्सला बसलास की खुशाल वाढव.

मिक्सचं फार लांबवत नाही. तुझं गाणं वाजणार मिरवणुकीतल्या बॉक्सवर आणि लोकांच्या फोनवर. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (दोन्ही बाजूंना एकसारखं) ठेव, किकला रुंद करणारं कुठलंही प्लगइन लावू नकोस. फोनवर ६९ हर्ट्झ ऐकूच येत नाही, म्हणून घुमक्याला थोडा 'टक्' हवा, दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास, नाहीतर फोनवर ठेकाच गायब. आणि मास्टरवर (सगळ्या गाण्यावर) लिमिटर, म्हणजे मोठे ठोके दाबणारं प्लगइन, दाबून दाबून आवाज वाढवू नकोस. मंडळाचा साउंडवाला त्याच्याकडं परत दाबणार आहे. दोनदा दाबलेल्या हलगीचा पत्रा होतो.

राहिलं फाईलचं. बाहेरच्या स्टुडिओत मिक्सला देणार असशील तर प्रोजेक्ट फाईल देऊन मोकळा होऊ नकोस. मी दिली होती एकदा, मोठ्या शहरात. तिथं ते प्लगइनच नव्हतं, गाणं उघडलं ते तालाविना. गायकाचा आवाज, हार्मोनियम आणि मधे सगळी शांतता. तासाचे पैसे चालू आणि मी फोनवर. तेव्हापासून घुमकं, टिपरू, छडी, कैताळ, ढोलकी असं प्रत्येक वेगळं बाउन्स करतो (ऑडिओ फाईल काढतो), २४ बिट वेव्ह, सगळे पहिल्या बारच्या सुरुवातीपासून, म्हणजे समोरच्यानं नुसते एकाखाली एक टाकले तरी जागेवर बसतात. पट्टी आणि बीपीएम फाईलच्या नावातच लिहितो. तू टेम्पो शेवटी १०३ वर नेणार असशील तर तेही लिही, आणि सोबत मिडी फाईल दे.

नवव्या घरातली किक काढून झाली की तेवढी आठ आवर्तनं मला पाठव. हलगीचं नंतर बघू.